बॉस एनएस-२, आठ महिन्यांनंतर: हाय-गेन गिटार, चार केबल आणि सोलापूरची वीज

नॉइज गेट, म्हणजे वाजवणं थांबलं की अ‍ॅम्पचा नकोसा आवाज बंद करणारं पेडल, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुठल्या कंपनीचा घेऊ? बॉसचं एनएस-२ आठ महिने जवळपास रोज वापरल्यावर माझं ठाम मत झालंय की हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते पेडलला जॅक किती आहेत. दोनच असतील, म्हणजे फक्त इन आणि आउट, तर हाय-गेन (खूप डिस्टॉर्शन देणाऱ्या) अ‍ॅम्पसोबत त्याचं अर्धंच काम होतं. चार असतील, म्हणजे सिग्नल बाहेर पाठवणारा सेंड आणि परत घेणारा रिटर्नही असतील, तर मधल्या किमतीचं पेडलसुद्धा महागड्याच्या तोडीचं काम देतं.

सेटअप आधी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशाच्या जोरावर आहेत ते कळेल. दोन हमबकरची (दुहेरी कॉइलच्या पिकअपची) गिटार, ११-५४ च्या तारा, ड्रॉप सी हे खालच्या सुरांचं ट्यूनिंग. पुढे ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. मग एफएक्स लूप (प्रीअ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्पचा गेन देणारा भाग, त्याच्यानंतर पेडल जोडायची वाट) असलेलं व्हॉल्व्ह हेड, म्हणजे स्पीकर वेगळा असलेला अ‍ॅम्प, गेन साडेसहाच्या आसपास. लूपमध्ये एक डिजिटल डिले. सरावाची खोली शहराच्या पूर्व भागात, भिंतीला भिंत लागून यंत्रमाग. हेड आणि बूस्ट (म्हणजे तेच ओव्हरड्राइव्ह) दोन्ही चालू ठेवून हात तारांवरून उचलला की स्पीकरमधून जे येतं त्याला आवाज म्हणणं कमीच आहे.

पण तो सगळा आवाज एका जातीचा नसतो, आणि हे न ओळखता गेट घेतला तर पैसे वाया जातात. खर्जातली सलग घरघर ५० हर्ट्झची असते. ती ग्राउंड लूपमुळे येते किंवा पिकअप एखाद्या ट्रान्सफॉर्मरजवळ असल्यामुळे. तिच्याहून टोकदार, कानाला टोचणारी भुणभुण १०० हर्ट्झ आणि त्याच्या वरच्या पटींची. ती बहुधा पॉवर सप्लायच्या रिपलमधून किंवा पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधून येते. गिटार उभं आडवं फिरवल्यावर भुणभुण कमीजास्त झाली तर ती हवेतून पिकअपमध्ये शिरते आहे. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही तशीच राहिली तर ती पुढे, पेडलमध्ये किंवा अ‍ॅम्पमध्ये आहे. सूंऽऽ करणारी वाफेसारखी हिस ही गेनचीच सावली आहे, ती कुठल्याही अर्थिंगने जात नाही. आणि बारीक शिट्टी आली तर डिजिटल पेडल आणि अ‍ॅनालॉग पेडल एकाच डेझी चेनवर (एका अडॅप्टरच्या अनेक तोंडांच्या वायरवर) आहेत का ते पाहा.

गेट या चारही गोष्टी दाबतो, पण फक्त वाजवणं थांबल्यावर. रिफ चालू असताना गेट उघडाच असतो आणि घरघर सुरांच्या खाली तशीच वाहत असते. म्हणून आधी मुळाशी जाऊन जेवढा आवाज काढता येईल तेवढा काढायचा आणि उरलेल्यासाठी गेट. उलट केलं तर थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली गेट बंद होतो ती) इतका वर न्यावा लागतो की सूरच मरतात.

आता चार जॅकचं कारण. गेट गिटारच्या लगेच पुढे ठेवला तर गिटारची घरघर थांबते, पण बूस्ट आणि प्रीअ‍ॅम्पची हिस त्याच्या नंतर तयार होते, ती तशीच राहते. नुसता लूपमध्ये ठेवला तर हिस थांबते, पण तिथे पोचेपर्यंत गेनने सिग्नल पार दाबून सपाट केलेला असतो. हळू वाजवलेला सूर आणि जोरात वाजवलेला सूर यांच्या पातळीत फारसा फरक उरत नाही, आणि मावळता सूर व नुसता आवाज यांच्यातही नाही. गेटला कळतच नाही की कधी बंद व्हायचं. मग लांब धरलेला सूर शेवटी फडफडत तुटतो.

एनएस-२ ची खुबी इथे आहे. तो ऐकतो इनपुटवरची स्वच्छ गिटार आणि दार लावतो रिटर्नवर आलेल्या सिग्नलला. १९८७ पासून हे पेडल बाजारात आहे आणि आजही त्याचं खरं मोल या एकाच गोष्टीत आहे. चार केबलची जोडणी अशी: गिटार एनएस-२ च्या इनपुटमध्ये. सेंडमधून ओव्हरड्राइव्ह, तिथून अ‍ॅम्पच्या इनपुटमध्ये. अ‍ॅम्पच्या एफएक्स सेंडमधून एनएस-२ च्या रिटर्नमध्ये. एनएस-२ च्या आउटपुटमधून डिले, आणि डिलेमधून अ‍ॅम्पच्या एफएक्स रिटर्नमध्ये. ट्यूनर आणि वाह असेल तर गेटच्या आधी. डिले आणि रिव्हर्ब गेटच्या नंतरच. आधी ठेवले तर रिफ थांबताच प्रतिध्वनीची शेपटी कापली जाते.

अ‍ॅम्पला लूप नसेल तर सगळी डिस्टॉर्शन पेडल्स सेंड आणि रिटर्नच्या मध्ये घालायची आणि आउटपुट अ‍ॅम्पच्या इनपुटला द्यायचा. पेडलच्या डिस्टॉर्शनवर वाजवणाऱ्याला एवढं पुरतं. अ‍ॅम्पचाच गेन वापरणाऱ्याला नाही.

सेटिंगला दहा मिनिटं द्या, घाईने केलेलं सेटिंग पुढे महिनाभर छळतं. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, नेहमीचा गेन, अ‍ॅम्पपासून नेहमीच्या अंतरावर उभं राहायचं आणि हात तारांवरून काढायचा. हात काढणं महत्त्वाचं आहे, कारण तारा ब्रिजमार्गे ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि बोट टेकलं की भुणभुण आपोआप कमी होते. बोट टेकवून लावलेला थ्रेशोल्ड प्रत्यक्षात नेहमी कमी पडतो. आता थ्रेशोल्ड शून्यापासून हळूहळू वर. आवाज जिथे एकदम नाहीसा होतो तिथे थांबून अगदी केसभर पुढे. चार केबलच्या जोडणीत हे माझ्याकडे, नॉबला घड्याळाची तबकडी मानलं तर, नऊच्या थोडं पुढे येतं, लूपमध्ये एकटा ठेवून पाहिला तेव्हा एकच्या पुढे जायला लागलं होतं. एवढ्या आकड्यात दोन्ही पद्धतींचा सगळा फरक आहे.

मग परीक्षा. तिसऱ्या तारेवर बाराव्या पट्टीवर बेंड करून सूर धरा आणि मनात मोजा. पेडल ऑफ असताना जेवढा टिकतो त्यापेक्षा फार आधी तुटत असेल तर थ्रेशोल्ड जास्त आहे. डिके नॉब (गेट किती सावकाश बंद व्हायचा ते ठरवणारा) डावीकडे शेवटाला नेला की पाम म्यूटच्या (तळहात टेकवून दाबलेल्या सुरांच्या) रिफमधली थांब सुरीने कापल्यासारखी येते. पण तिथे लीड वाजवलं तर सुराचं शेपूट तुटकं लागतं. रिदमला सातच्या जवळ, लीडला दहा ते अकरा, आणि दोन्ही एकाच गाण्यात असतील तर नऊवर तडजोड. गेट दाराशी फडफडत असेल, म्हणजे सूर मावळताना टर्रर्र असा उघडझाप होत असेल, तर थ्रेशोल्डला हात लावण्याआधी डिके थोडा वाढवून पाहा. बहुतेक वेळा तिथेच भागतं.

गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज साफ करायची सवय असेल तर गेट तुमच्या विरुद्ध काम करेल, कारण त्याला इनपुटवर कमी पातळी मिळते आणि तो लवकर बंद होतो. साफ तुकड्यात पाय देऊन पेडल ऑफच करावं. त्यासाठी मोड स्विच रिडक्शनवर हवा. म्यूटवर ठेवला की पाय देताच सगळा आवाज जातो. गाण्यांमधल्या थांब्याला ते सोयीचं आहे, पण गाण्याच्या मध्येच चुकून झालं तर पंचाईत.

चार केबलच्या जोडणीत ज्या चुका होतात त्या ठरलेल्या आहेत. पहिली: अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या तिन्ही लांब केबल नीटनेटकेपणासाठी एकत्र बांधणं. एफएक्स सेंडची केबल आणि अ‍ॅम्प इनपुटची केबल यांच्यामध्ये प्रीअ‍ॅम्पचा पूर्ण गेन असतो. त्या सहा मीटर चिकटून धावल्या, त्यात एखादीचं शिल्डिंग हलकं असलं, की गेन वाढवताच कर्कश शिट्टी सुरू होते. लोक अ‍ॅम्प बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतात. केबल एकमेकींपासून वीतभर दूर करा, शिट्टी जाते. मेनची वायर सिग्नल केबलला ओलांडायचीच असेल तर काटकोनात. दुसरी चूक: लूपची पातळी. काही अ‍ॅम्पचा सेंड लाइन लेव्हलचा, खूप जोरकस असतो आणि नऊ व्होल्टवरचं पेडल त्याला पुरं पडत नाही. पाम म्यूटचा ठोसा बोथट आणि फाटका येतो. अ‍ॅम्पच्या मागे −१० आणि +४ असा स्विच असेल तर −१० वर ठेवा. तिसरी: गेटला स्वतंत्र आयसोलेटेड सप्लाय न देणं. इथे पेडल अ‍ॅम्पला दोन बाजूंनी जोडलेलं असतं, म्हणून ग्राउंड लूपला वाट जास्त मिळते. एनएस-२ ला वीसेक मिलिअ‍ॅम्पच लागतात, पण आउटलेट वेगळा हवा. त्याच्या डीसी आउटमधून बाकीच्या पेडलना करंट देता येतो, तरी डिजिटल डिले त्यावर लावू नका, शिट्टी परत येते.

आवाज सप्लायमधून येतोय का याची सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे नऊ व्होल्टची बॅटरी. गेटला आणि ओव्हरड्राइव्हला बॅटरी घालून अडॅप्टर काढून टाका. भुणभुण पडली तर दोषी अडॅप्टर. माझ्याकडे एका स्वस्त अडॅप्टरने असाच महिना खाल्ला.

आता सोलापूर. ऑगस्ट ते एप्रिल या काळात एकाच सेटिंगवर काम चाललेलं नाही. दिवसा शेजारचे माग चालू-बंद होतात तेव्हा लाइनवर व्होल्टेज दबतं आणि कटकट असे ठोके येतात. ते ठोके थ्रेशोल्डपेक्षा मोठे असले तर गेट त्यांनाही उघडतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही. ते अ‍ॅम्पच्या बोर्डवर लाइन फिल्टर लावल्यावर बरेच कमी झाले. पंख्याच्या रेग्युलेटरचं मात्र प्रत्येक घरात बघावं. गोल फिरवायचा, सलग वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तीनवर ठेवला की भुणभुण कमाल होते. पूर्ण पाचवर नेला की जवळजवळ जाते. टप्प्याटप्प्याचा कपॅसिटर रेग्युलेटर बसवला की प्रश्न मिटतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून सराव करा असं सांगणं शक्य नाही, म्हणून हा खर्च आधी करा.

वीज गेली आणि इन्व्हर्टरवर आलात की आणखी एक पायरी. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर भुणभुण इतकी वाढते की थ्रेशोल्ड अकरापर्यंत न्यावा लागतो आणि लीडचे सूर आखूड होतात. प्युअर साइन वेव्हवर फरक नगण्य. अर्थिंगचंही ऋतूप्रमाणे बदलतं. एप्रिलात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि प्रतिकार वाढतो. खड्ड्यात दर आठवड्याला पाणी घातलं तरी खोलीतली घरघर कानाला कळेल इतकी उतरते. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांमधलं व्होल्टेज पाहा; दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर वायरमनला बोलवा. अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थ पिन काढून घरघर घालवणारे अजूनही आहेत. व्हॉल्व्ह हेडमध्ये शेकडो व्होल्ट असतात. आत काही बिघडलं तर ते तारांमधून थेट हातात येतं. हे कधीही करू नका.

गणेशोत्सवात मंडपात साउंड आणि लायटिंग एकाच जनरेटरवर असतात, तिथे घरचं सेटिंग विसरा. पोचल्यावर लायटिंग पूर्ण चालू करायला सांगून मगच थ्रेशोल्ड लावा. अंधारात लावलेलं सेटिंग कार्यक्रमात फसतं.

एनएस-२ च्या उणिवा: बायपासमध्येही बफर (सिग्नलला जोर देणारं सर्किट) मार्गातच राहतो, ज्यांना ट्रू बायपास (पेडल ऑफ असताना सिग्नल सरळ आरपार) हवा त्यांना हे रुचणार नाही. मला लांब केबलमुळे तो उपयोगीच पडला. दार लावण्याची त्याची धार आजच्या काही गेटइतकी तीक्ष्ण नाही. अतिवेगवान तुटक रिफ हेच ज्यांचं मुख्य काम आहे त्यांनी आयएसपी डेसिमेटर जी-स्ट्रिंग ऐकून पाहावा. त्यातही गिटारचे दोन आणि डेसिमेटरचे दोन असे चार जॅक आहेत आणि नॉब एकच. टीसी इलेक्ट्रॉनिकचं सेंट्री वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांत आवाज कापतं, सेंड-रिटर्न आहे, पण डिजिटल असल्याने १०० मिलिअ‍ॅम्प लागतात. बॉसचंच २०२३ मधलं एनएस-१एक्स डिजिटल आहे आणि त्यात वेगळा गेट मोड आहे. आज नवं घेणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून वाजवावेत. मूरच्या नॉइज किलरसारखी छोटी दोन जॅकची पेडल्स स्वस्त आणि टिकाऊ आहेत, पण लूपमध्ये एकटी ठेवल्यावर वर सांगितलेली अडचण येतेच. फक्त पेडलच्या गेनवर, घरी, कमी आवाजात वाजवणाऱ्याने तीच घ्यावीत.

सिंगल कॉइल गिटार याच सेटिंगवर लावली तर थ्रेशोल्ड दीड-दोन तास पुढे न्यावा लागतो. दोन गिटार बदलून वाजवत असाल तर दोन्ही जागांवर नॉबशेजारी पांढऱ्या मार्करने खूण करून ठेवा.