ऑफिसचा कॉपियर, काही महिन्यांनंतर: कागदाची तक्रार नाही, नेटवर्कचं बोलू

मशीन नेहमीचंच: ए-३ आकाराचं, मिनिटाला २५ प्रती काढणारं, कृष्णधवल, कॉपी-प्रिंट-स्कॅन तिन्ही करणारं. रोजच्या वापरात छपाई स्वच्छ येते, दोन्ही बाजूंची प्रिंट सरळ पडते, फीडरमध्ये कागद क्वचितच अडकतो. तक्रार आली तर एकच येते: ‘कॉपियर ऑफलाइन दाखवतोय.’ आणि बहुतेक वेळा कॉपियर जागच्या जागी व्यवस्थित असतो. बिघडलेला असतो तो कॉम्प्युटरकडचा पत्ता.

आधी दोनच प्रश्न विचारावेत. सगळ्यांचं बंद आहे की एकाचंच? प्रिंट बंद आहे की स्कॅन? बाकीचे प्रिंट काढत असतील तर मशीनला हात लावू नये. पॅनलवरून झेरॉक्स निघते म्हणून नेटवर्क शाबूत आहे, असंही समजू नये. कॉपीला नेटवर्क लागतच नाही.

सगळ्यांचंच बंद असेल तर मशीनच्या मागे बघा. लॅन पोर्टचे (नेटवर्कची केबल लागते त्या खाचेचे) दिवे लागलेले नसतील तर दोष केबलचा, स्विचच्या (ऑफिसच्या नेटवर्क केबली एकत्र येतात त्या डब्याच्या) पोर्टचा किंवा क्लिप तुटलेल्या कनेक्टरचा. मशीन चाकांवर असतं. अडकलेला कागद काढायला कुणीतरी ते पुढे ओढतं आणि केबल अर्धी निसटते. हलवून बघण्यापेक्षा चांगली केबल लावून बघणं लवकर उरकतं. दिवा लागतो पण मोठ्या फाइल रेंगाळतात, असं असेल तर स्पीडचं सेटिंग तपासा. स्विच ‘ऑटो’वर आणि कॉपियर १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्सवर (एकाच वेळी दोन्ही दिशांनी देवाणघेवाण) पक्का केलेला असेल तर स्विच हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरतो आणि डेटाच्या धडका सुरू होतात. दोन्हीकडे ऑटो ठेवावं.

दिवे ठीक असतील तर पॅनलवरून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा. या मशीनची माझ्या मते सर्वांत उपयोगी सोय हीच. पॅनलवरचे एरर कोड मात्र निरुपयोगी आहेत. ‘कनेक्शन अयशस्वी’ एवढंच सांगून मोकळे होतात. पानावर आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) १६९.२५४ ने सुरू होत असेल किंवा सगळे शून्य असतील, तर मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. अशा वेळी कॉम्प्युटरवर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यात दुपार घालवू नये.

पत्ता आहे पण कालचा नाही, हे सर्वांत जास्त वेळा घडतं. मशीन कारखान्यातून येतं तेच स्वयंचलित पत्त्यावर, म्हणजे डीएचसीपीवर. सुट्टीत सगळं बंद राहिलं, राउटर रीस्टार्ट झाला, की कॉपियरला दुसरा आयपी मिळू शकतो. कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर छपाईची कामं पाठवत राहतो. इलाज एकदाच करायचा. राउटरमध्ये मशीनच्या मॅक ॲड्रेसवर (नेटवर्क भागाच्या कायमच्या ओळख क्रमांकावर) एक आयपी राखून ठेवा. ते जमत नसेल तर मशीनवर स्थिर आयपी द्या, पण वाटपाच्या यादीबाहेरचा. राउटर १९२.१६८.१.१०० ते २०० वाटत असेल तर कॉपियरला १९२.१६८.१.५० द्यावा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवेच्या रकान्यात राउटरचा पत्ता. स्थिर आयपी देताना डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) रकाना हमखास रिकामा राहतो. मग प्रिंट सुरळीत निघतात, ईमेलवर स्कॅन मात्र जात नाही, आणि संशय उगाच पासवर्डवर जातो.

वाटपाच्या यादीतलाच आयपी दिला तर तो पुढेमागे एखाद्या मोबाइललाही मिळू शकतो. लक्षण: कधी चालतं, कधी नाही. खात्री करायची तर कॉपियरची केबल काढा आणि कॉम्प्युटरवरून तोच आयपी पिंग करा, म्हणजे तिथून कुणी उत्तर देतं का ते विचारा. तरीही उत्तर आलं तर त्या पत्त्यावर दुसरं कुणीतरी बसलंय.

आता विंडोज. प्रिंटर आपोआप जोडला की विंडोज अनेकदा डब्ल्यूएसडी पोर्ट (उपकरण आपोआप शोधून केलेली जोडणी) तयार करतं. सुरुवातीला चालतो, मग अधूनमधून विनाकारण ऑफलाइन. प्रिंटरच्या गुणधर्मांत ‘पोर्ट्स’ टॅबवर जाऊन स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट नव्याने जोडा: मशीनचा आयपी, प्रोटोकॉल रॉ, पोर्ट ९१००. तिथेच ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये एसएनएमपी स्टेटसची (मशीनची स्थिती विचारण्याच्या पद्धतीची) खूण असते. मशीनवर एसएनएमपी बंद असेल किंवा कम्युनिटीचं नाव (त्यासाठीचा परवलीचा शब्द) जुळत नसेल, तर पिंग लागत असूनही विंडोज प्रिंटर ऑफलाइन म्हणतं. ती खूण काढली की बऱ्याचदा लगेच छपाई सुरू होते. नंतर अडकलेली जुनी कामं निघत नसतील तर सर्व्हिसेसमधून प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, विंडोजच्या सिस्टीम३२ मधल्या स्पूल फोल्डरातला ‘प्रिंटर्स’ फोल्डर रिकामा करा, स्पूलर पुन्हा सुरू करा. फोल्डर ठेवायचा, आतल्या फाइल काढायच्या.

सकाळची पहिली प्रिंट जात नाही, पॅनलला हात लावला की जाते, असं होत असेल तर गाढ झोपेची वेळ वाढवा आणि ऑटो-ऑफ बंद करा. त्यानेही भागलं नाही तर स्विचच्या त्या पोर्टवर वीज वाचवणारं ईईई सेटिंग बंद करून बघावं. काही नेटवर्क कार्डांचं त्याच्याशी पटत नाही.

स्कॅनची गोष्ट वेगळी. फोल्डरवर स्कॅन पोर्ट ४४५ वरून एसएमबीने (विंडोजच्या फाइल शेअर करण्याच्या पद्धतीने) जातं. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून (२०१७) फाइल घेणाऱ्या बाजूचं एसएमबी १ मुळात बसवलेलंच नसतं, त्यामुळे तेवढंच येणारा जुना कॉपियर अडतो. एसएमबी १ पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये, सुरक्षेला भोक पडतं. मशीनच्या वेबपेजवर (ब्राउझरमध्ये त्याचा आयपी टाकून उघडतं ते) एसएमबी २ किंवा ३ चा पर्याय बघा, नसेल तर फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, तेही नसेल तर एफटीपी (फाइल पाठवण्याची दुसरी पद्धत) किंवा ईमेल. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये प्रो आणि एंटरप्राइझवर एसएमबी सायनिंग (प्रत्येक संदेशावर डिजिटल सही) सक्तीचं झालं, म्हणून पासवर्डशिवाय उघडे ठेवलेले शेअर तिथे बंद पडतात. स्कॅनसाठी वेगळं लोकल खातं करून त्याला पासवर्ड द्यावा. कर्मचाऱ्याचंच खातं वापरलं तर त्याने पासवर्ड बदलला की स्कॅन थांबलं. नेटवर्क ‘पब्लिक’ झालंय का तेही बघा; तसं असेल तर फायरवॉल शेअरिंग अडवते.

जीमेलवरून स्कॅन पाठवायचं तर नेहमीचा पासवर्ड २०२२ पासून चालत नाही. खात्यावर टू-स्टेप पडताळणी चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा. पोर्ट ५८७, सुरक्षेच्या पर्यायात स्टार्टटीएलएस. मशीनचं घड्याळ मागे पडलेलं असेल तर सुरक्षा प्रमाणपत्र नाकारलं जातं, म्हणून तारीख आधी तपासा.

वायफाय मॉड्यूल वेगळे पैसे मोजून घेण्यात अर्थ नाही. कॉपियर एका जागी उभा असतो, तिथवर केबल ओढावी.

आणि रीस्टार्ट करताना मागचा किंवा झाकणाआडचा मुख्य स्विच थेट पाडू नका. आत हार्ड डिस्क असते. आधी पॅनलचं पॉवर बटण, स्क्रीन पूर्ण विझली की मुख्य स्विच, दहाएक सेकंद थांबून पुन्हा चालू. एवढ्यानेही पिंग लागत नसेल आणि त्याच केबलला लॅपटॉप जोडल्यावर नेटवर्क मिळत असेल, तर लॅन बोर्डाचा संशय खरा. सर्व्हिस कॉलमध्ये हे दोन्ही सांगा, म्हणजे इंजिनिअर बोर्ड घेऊनच येईल.