वकिलाचं नाव खरं होतं, मेल करणारा दुसराच

लाजेपायी चार महिने कुणाला बोललो नाही, पण परवा ओळखीतल्या एकाला अगदी तसाच मेल आला म्हणून लिहायला बसलोय. लांबलंय थोडं, सांभाळून घ्या.

आमचा छोटा एक्सपोर्टचा धंदा, मी आणि धाकटी बहीण मिळून बघतो. इंग्लंडमधल्या एका बायरने दोन शिपमेंटचे पैसे थकवले होते, वर्ष होत आलं तरी मेलला उत्तर नाही, फोन उचलत नाही. वैतागून मी एका ट्रेड पोर्टलवर त्याची तक्रार टाकली, इनव्हॉइस नंबर आणि रकमेसकट. म्हणजे मला किती पैसे येणं आहे आणि मी किती कावलोय हे सगळं आयतं मांडून ठेवलं. आठ-दहा दिवसांत लंडनच्या एका बड्या इंटरनॅशनल लॉ फर्मचा मेल, की याच बायरविरुद्ध आणखी काही जणांची केस आमच्याकडे आहे, तुम्हालाही यायचंय का. फर्म खरी आहे, नाव घेत नाही कारण त्यांचा यात काहीच दोष नाही, त्यांचं नाव चोरलं होतं.

आता मी अगदीच बावळट नाही हो. तपासलं ना. तिकडच्या वकिलांवर, म्हणजे सॉलिसिटरांवर, देखरेख ठेवणाऱ्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचं (एसआरएचं) रजिस्टर कुणालाही फुकट बघता येतं. त्यात त्या वकिलाचं नाव टाकलं तर आलं की, फर्म तीच आणि एसआरए नंबरही तोच. मी निवांत झालो. पण रजिस्टर एवढंच सांगतं की असा वकील आहे, मला मेल करणारा तोच आहे हे ते बिचारं कसं सांगणार. मेलचा पत्ता फर्मच्या खऱ्या पत्त्यासारखाच, फक्त मधे एक बारीकशी आडवी रेघ जास्त. मोबाइलवर कोण बघतो ती रेघ.

आणि सर्व्हिस म्हणाल तर काय सांगू! क्लायंट केअर लेटर आलं, तिकडचे सॉलिसिटर खरंच देतात तसं, काम कोण बघणार, फी कशी लागणार, तक्रार कुठे करायची सगळं त्यात. त्यांच्या स्वतःच्या पोर्टलचं लॉगिन दिलं, त्यात केस कुठवर आलीय ते दिसायचं. क्लायंट सर्व्हिसेसची एक बाई फोन करायची, इतकी गोड बोलणारी, माझी कामाची वेळ विचारून घेतली आणि कायम त्याच वेळेत फोन. केवायसी म्हणून पासपोर्टची कॉपी आणि बँक स्टेटमेंट मागितलं, तेही दिलं. पैशापेक्षा त्या पासपोर्टचीच धास्ती जास्त वाटते आता.

पहिले पैसे कोर्ट फीचे मागितले, क्लेमच्या 5 टक्के. मी शोधलं तर खरंच इंग्लंडमधे 10,000 पौंडांच्या वर 2 लाख पौंडांपर्यंतच्या दाव्याला 5 टक्केच कोर्ट फी लागते. आकडा बरोबर निघाला म्हणून माझा विश्वास उलट वाढला! खातं मात्र फर्मच्या नावावर नव्हतं, कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीचं होतं आणि तेही भलत्याच देशात. विचारलं तर म्हणे आमचा एस्क्रो पार्टनर आहे, म्हणजे काम होईपर्यंत पैसे सांभाळणारा तिसरा. इंग्लंडमधल्या सॉलिसिटरला क्लायंटचे पैसे सहसा इंग्लंड-वेल्समधल्या बँकेतल्या क्लायंट अकाउंटमधे ठेवावे लागतात हे मला नंतर कळलं, तेव्हा मान हलवून भरून मोकळा झालो.

तीन आठवड्यांनी आनंदाची बातमी. बायरने सेटलमेंट केली, पूर्ण रक्कम फर्मच्या खात्यात जमा आहे, फक्त सोडवायला मनी लाँडरिंग क्लिअरन्स सर्टिफिकेट लागेल, त्याचे चार्जेस भरा. तेही भरले. मग टॅक्स निघाला. तो भरायला बसलो तेव्हा बहीण शेजारी चलनं लावत होती, मान वर न करता म्हणाली, "दादा, पैसे त्यांच्याकडेच आलेत ना? मग त्यातूनच कापून घेऊन उरलेले का नाही पाठवत?"

मी तोंड उघडलं आणि उत्तरच नव्हतं माझ्याकडे. खरंच नव्हतं.

मग मेलमधला नंबर सोडून फर्मच्या स्वतःच्या साइटवरचा बोर्ड नंबर लावला. ऑपरेटरने मेलचा पत्ता एकेक अक्षर करून वाचायला लावला, मी त्या रेघेपाशी आलो तशी ती म्हणाली, थांबा, आमच्या पत्त्यात ती नाहीये. त्या वकिलाने स्वतः परत फोन केला, माझी केस त्याने कधी पाहिलीच नव्हती. एसआरए अशा तोतयांबद्दल त्यांच्या साइटवर स्कॅम अलर्ट टाकत असते, फर्मचं आणि वकिलाचं नाव देऊन, ते पान मी पहिल्या दिवशी उघडायला हवं होतं. बँकेने रिकॉल, म्हणजे पैसे परत मागवायची विनंती, पाठवला पण तोवर खातं रिकामं. खऱ्या सॉलिसिटरने पैसे खाल्ले तर तिकडे भरपाईचा फंड तरी आहे, आमचा सॉलिसिटरच नव्हता तर मागणार कुणाकडे. आणि मूळ बायर? तो अजूनही फोन उचलत नाही.

गेल्या आठवड्यात नवा मेल आलाय. दुसरी लॉ फर्म, दुसरा वकील, लिहितो की अमुक टोळीने फसवलेल्या क्लायंट्सचे पैसे आम्ही वसूल करून देतो, तुमचं नाव यादीत सापडलं. बहिणीने नुसता फाइल नंबर बघितला आणि जुनी फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. नंबर तोच होता, बदलायचेही कष्ट घेतले नव्हते.