पोरं पुन्हा कुठे जाऊ म्हणतात: पुण्यात वर्षभर फिरल्यानंतर

पुण्यात मुलांना कुठे न्यावं याच्या याद्या भरपूर मिळतात, पण त्या बहुतेक एकदाच जाऊन आलेल्यांनी लिहिलेल्या असतात. पहिल्यांदा सगळंच छान वाटतं. आम्ही गेल्या जूनमध्ये नाशिकहून इकडे राहायला आलो आणि तेव्हापासून बहुतेक सुट्ट्यांना घराबाहेर पडतोय. मुलगी चौथीत, मुलगा बालवाडीत, आणि सोबत गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. वर्ष होत आलं तशी माझी कसोटी एकच उरली: मुलं "परत जाऊ या" म्हणतात का, आणि परत गेल्यावर तिथे काही नवीन सापडतं का. त्याच हिशेबाने लिहितेय.

सगळ्यात वर कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. पेशवे पार्कातले प्राणी १९९९ मध्ये इथे हलवले. साधारण १३० एकरांची जागा आहे, आतच कात्रजचा तलाव आहे, आणि वाघ-सिंहांना गजांमागे कोंडण्याऐवजी खंदकापलीकडे मोकळं ठेवलंय. बुधवारी बंद असतं. उघडल्या उघडल्या पोचावं, कारण ऊन चढलं की वाघ झाडाखाली जाऊन पडतो आणि पोरांना नुसती त्याची शेपटी दिसते. चालणं खूप आहे. आत बॅटरीवरच्या गाड्या फिरतात, त्यामुळे सासूबाईंनाही सगळं बघता आलं. गर्दीच्या दिवशी मात्र गाडीसाठी रांग लागते, तेव्हा ज्येष्ठांना घेऊन शनिवार-रविवार टाळता आला तर बरं.

पहिल्या वेळी सगळेच वाघ, हत्ती, पांढरा वाघ असे धावत सुटतात. आम्हीही तेच केलं. खरी मजा पुढे आली, जेव्हा आम्ही एका खेपेला एकच गोष्ट बघायची असं ठरवलं. एकदा फक्त हरणं: चितळ, सांबर, काळवीट, नीलगाय. कोणाला शिंगं आहेत, कोणाच्या शिंगांना फाटे आहेत, कोणाची पिळाची आहेत. मुलीने वहीत चित्रं काढली. सांबराची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात आणि काळविटाची आयुष्यभर तीच राहतात, हे तिने तिथल्या फलकावरून स्वतः वाचून मला सांगितलं.

दुसरी खेप फक्त सर्पोद्यानाची, आणि वर्षभरातली ती सगळ्यात उपयोगी सहल ठरली. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहून दाखवलं होतं. साप उगाच कोणाला चावत नाही हे लोकांना पटावं म्हणून. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं ते त्यांच्याच धडपडीतून. मुलांना ही गोष्ट आत शिरण्याआधीच सांगा, काचेमागचा नाग ती वेगळ्या नजरेने बघतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप ओळखायला शिकायचं, एवढंच आम्ही ठरवून गेलो. घोणशीच्या अंगावरची साखळीसारखी नक्षी मुलाच्याही लक्षात राहिली. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये धामण निघाली आणि मोठी माणसं काठ्या शोधायला लागली, तेव्हा माझी मुलगी पुढे होऊन म्हणाली, "काका, ती धामण आहे, विषारी नाही. सर्पमित्रांना बोलवा ना." आणि खरंच बोलावलं. यापेक्षा मोठी पावती मी प्राणिसंग्रहालयाला काय देणार!

दुसरं नाव अनेकांना अनपेक्षित वाटेल: शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. संग्रहालय म्हटलं की मुलं कंटाळणार असं आपण धरून चालतो. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून जमवलेल्या वस्तू वीस हजारांच्या वर आहेत, आणि त्यांतला थोडाच भाग मांडलेला आहे. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या आठवणीसाठी हे नाव. १९७५ मध्ये हा सगळा ठेवा त्यांनी राज्य सरकारच्या हवाली केला. इथे तलवारी आणि तैलचित्रांपेक्षा घरातल्या वस्तू जास्त आहेत: दिवे, अडकित्ते, कुलपं, कंगवे, दौती, सोंगट्या, पाय घासायच्या वज्री. आणि प्रत्येक वस्तूवर कुणी ना कुणी बसलेलं: मोर, हत्ती, घोडेस्वार, पोपट. मुलाला फक्त "दहा मोर शोध" एवढं सांगितलं आणि तो दालनामागून दालन पालथं घालत सुटला.

पण इथे खऱ्या खुलल्या त्या सासूबाई. एरवी सहलीत आम्ही त्यांना सावली शोधून बसवतो, "आई, जरा बसता का इथे?" असं विचारत राहतो. इथे त्याच पुढे आणि आम्ही मागे. "आजी, हे काय गं?" म्हटलं की त्या थांबून सांगणार: हे सुपारी कातरायचं, हे शेवया करायचं, असा दिवा आमच्या माहेरी देवघरात होता. फलकावर दोन ओळी असतात, आजीकडे पूर्ण गोष्ट असते. मस्तानीच्या कोथरूडच्या महालाचे अवशेष आणून इथे उभारलेलं दालन मुलीला आवडलं, पण घरी आल्यावर ती बोलत राहिली ती आजीच्या माहेराबद्दल. जिने चढायचे आहेत, हे गुडघेवाल्यांनी लक्षात ठेवावं. आम्ही एका खेपेला एकच मजला करतो. मेट्रोच्या मंडई स्थानकावरून चालत जाता येतं, आणि परतताना मंडईची दगडी इमारत बघून भाजी घेऊन घरी.

मेट्रो ही तर मुलासाठी स्वतंत्र सहलच आहे. डेक्कन आणि संभाजी उद्यान स्थानकांची पगडीसारखी छपरं त्याला लांबून ओळखू येतात, आणि शिवाजीनगरच्या सिव्हिल कोर्ट स्थानकात सरकत्या जिन्यांवरून खोल खोल उतरत जाणं हा त्याचा लाडका कार्यक्रम. ते स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे. भर उन्हाळ्यात सावली, पंखा, बसायला जागा, सगळं स्वस्तात मिळतं. गंमत म्हणून नुसतं स्वारगेटहून पिंपरी गाठून परत आलो तरी मुलाचा दिवस सार्थकी.

शनिवारवाड्याबद्दल थोडं सांगते, कारण बाहेरगावचे पाहुणे आधी तिथेच जातात. १७३२ मध्ये पूर्ण झालेला वाडा १८२८ च्या आगीत जळाला, आत जोती आणि बाग उरली. इतिहास माहीत असलेल्या मोठ्या माणसाला ती जोतीही पुरेशी आहेत. मुलांना दाखवायचा तो दिल्ली दरवाजा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून कपाळाच्या उंचीवर ठोकलेले ते अणकुचीदार खिळे बघितले की लढाई म्हणजे काय हे त्यांना न सांगता कळतं. तटावरून एक फेरी मारावी. तासाभरात होतं, आणि आमची मुलं पुन्हा जाऊ म्हणाली नाहीत.

सारसबागेला मात्र ती दर महिन्याला जातील. नानासाहेब पेशव्यांनी केलेल्या तळ्यातल्या बेटावरचा हा गणपती. आता तळ्याच्या जागी बाग आहे, पण लोक अजून तळ्यातला गणपतीच म्हणतात. थंडीत त्याला स्वेटर आणि कानटोपी घालतात. ते बघायला डिसेंबरात पहाटे जाऊन या, लहान पोरांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघा. शेजारच्या पेशवे पार्कात १९५६ पासूनची फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी आहे. लोकांनी आपल्या लहानपणी बसलेल्या गाडीत नातवंडांना बसवलेलं बघायला मिळतं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या हाकेच्या अंतरावर आहेत. पाच वर्षांच्या पुढची मुलं सहज चढतात आणि वरून सगळं पुणं दिसतं. आपलं घर कुठे असेल हा खेळ तिथे कधी जुना होत नाही.

कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पावसाळी दिवसासाठी राखून ठेवा. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं हे अख्खं छोटं शहर आहे. सिग्नल, फाटक, पूल, रोपवे सगळं आपोआप चालतं. खेळ अर्ध्या तासाच्या आसपास संपतो, त्यामुळे फक्त त्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाहून येऊ नका. मुलगा तीन दिवस त्यावरच बोलत होता. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानच्या ओकायामातल्या बागेवरून बांधलंय. माशांच्या तळ्याकाठी सासूबाईंचा तास छान जातो, पण धावायला मागणाऱ्या मुलासाठी ते नव्हे.

मॉलमधल्या एका खेळघरातही आम्ही गेलो. पहिल्यांदा उड्या, दुसऱ्यांदा कंटाळा. तिथे शोधण्यासारखं काही उरत नाही, म्हणून मी आता पैसे तिकडे घालवत नाही.

शहराबाहेर निघायचं तर माझं पहिलं मत भाज्याच्या लेण्यांना. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं आणि गावातून चालत जायचं. लोकलचा प्रवास मुलांना स्वतःतच पुरतो, फक्त दुपारच्या वेळी गाड्या कमी असतात, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. पायऱ्या बऱ्याच आहेत, त्यामुळे सासूबाई आल्या नाहीत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झालेली ही २२ लेणी. मोठ्या चैत्यगृहातले, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या प्रार्थनेच्या दालनातले, खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. मुलीने ते मान वाकडी करून ताडलं आणि विचारलं, "हे पडतायत का?" पडत नाहीत. लाकडी घरात खांब असे तिरके रोवत, आणि कोरणाऱ्यांनी दगडातही तेच केलं. तिला हे इतकं पटलं की पुढच्या सुट्टीत तिनेच कार्ल्याला जायचा हट्ट धरला, कारण तिथल्या चैत्याच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या खऱ्या लाकडी कमानी आहेत. मुलाचं काम सोपं ठेवलं: भाज्यातले १४ स्तूप मोजायचे, पाच आत आणि नऊ बाहेर.

पावसाळ्यात या भागात हिरवळ डोळ्यांत मावत नाही, पण धबधब्यात मुलांना उतरवू नका. जून २०२४ मध्ये भुशी धरणामागच्या धबधब्यात सहलीला आलेलं एक कुटुंब क्षणात वाहून गेलं. वर डोंगरात कोसळलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही. आम्ही भाज्याला श्रावण संपल्यावर जातो. तेव्हा वाट कोरडी असते आणि हिरवळही शिल्लक असते.

सिंहगडाबद्दल वेगळं काय सांगू! १६७० ची तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट मुलांना पाठ असते, फक्त ती त्याच कड्याशी उभं राहून सांगा. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हवंच. रविवारी घाटात वाहनांची रांग लागते, म्हणून आठवड्यातल्या सुट्टीला जावं.

आणि भिगवण. सोलापूर रस्त्याने साधारण १०० किलोमीटर, उजनी धरणाच्या जलाशयाकाठी. डिसेंबर ते मार्च या काळात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, शिवाय चित्रबलाक, पट्टकादंब, शराटी. कुंभारगाव किंवा डिकसळहून स्थानिक मच्छीमार होडीतून नेतात. उजाडता उजाडता पाण्यावर असावं, त्यासाठी पुण्याहून पहाटे चारला निघावं लागतं. झोपलेली मुलं तशीच गाडीत टाकायची. या एका सहलीला गाडीशिवाय इलाज नाही. पहिल्यांदा मुलांनी फक्त गुलाबी थवा बघितला. दुसऱ्या वेळी होडीवाल्या काकांनी मोटर बंद करून बांबूने होडी ढकलली आणि रोहित चोच उलटी करून चिखलपाणी कसं गाळतो ते दाखवलं. मुलगी अर्धा तास हलली नाही.

इथे एक कळकळीची विनंती. थवा उडताना फोटो चांगला येतो म्हणून पुष्कळ लोक होडी अगदी जवळ न्यायला सांगतात, टाळ्या वाजवतात. हे पक्षी इथे पोट भरायला आलेले असतात, दर दहा मिनिटांनी उठवलं तर खाणार कधी? होडीवाले गिऱ्हाइकाच्या हट्टापुढे काही बोलू शकत नाहीत. बसण्याआधीच त्यांना सांगून टाका की आम्हाला लांबूनच बघायचंय. सोबत एक दुर्बीण घ्या, मुलांच्या मापाचे लाइफ जॅकेट आहेत का ते आदल्या दिवशी फोनवर विचारा, आणि परतताना गावातल्या घरगुती खानावळीत चिलापी मासा खा. आमचा मुलगा घरी मासे अजिबात खात नाही, तिथे मागून घेतो.