अ‍ॅपलेशियन ट्रेल म्युझियम : चालणाऱ्यांइतकाच पाठपुरावा करणाऱ्यांचा मान

पेनसिल्व्हेनियातील पाइन ग्रोव्ह फर्नेस स्टेट पार्कमध्ये, धान्य दळण्याच्या एका जुन्या गिरणीच्या इमारतीत, २०१० पासून हे संग्रहालय आहे. जॉर्जियातील स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधील कटाडिनपर्यंत १४ राज्यांतून जाणाऱ्या, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीच्या ‘अ‍ॅपलेशियन ट्रेल’ या पायवाटेचा मध्य याच परिसरात येतो, तेव्हा जागेची निवड अगदी चोख म्हणावी लागेल.

१९४८ मध्ये ही वाट सलग चालून गेल्याची पहिली नोंद ज्यांच्या नावावर आहे, त्या अर्ल शेफर यांनी बांधलेला लाकडी निवारा येथे आणून पुन्हा उभारला आहे आणि बहुतेकांचे पाय साहजिकच तिथे रेंगाळतात. मला मात्र ‘हॉल ऑफ फेम’ अधिक मोलाचे वाटले. २०११ च्या पहिल्याच यादीत शेफर यांच्याबरोबर, १९२१ मध्ये या वाटेची कल्पना मांडणारे बेंटन मॅकाय आणि ती प्रत्यक्षात उतरवणारे मायरन एव्हरी आहेत. पुढे या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये डेव्हिड स्टार्टझेल यांचेही नाव आले, ज्यांनी वाटेसाठी जमीनखरेदीच्या निधीकरिता काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला.

या मानाचे महत्त्व कळण्यासाठी थोडा इतिहास ठाऊक हवा. १९३७ मध्ये वाट पूर्ण झाली तेव्हा तिचा बराचसा भाग खासगी जमिनीतून, म्हणजे मालकाच्या मर्जीवर जात होता. पेनसिल्व्हेनियाचेच प्रतिनिधी डॅनियल होक यांनी १९४५ मध्ये पायवाटांच्या राष्ट्रीय व्यवस्थेसाठी मांडलेले विधेयक बारगळले; सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी १९६४ मध्ये पुन्हा प्रयत्न केला, १९६८ मध्ये राष्ट्रीय पायवाटांचा कायदा झाला आणि १९७८ च्या दुरुस्तीने जमीन घेण्यासाठी ९ कोटी डॉलरपर्यंतच्या खर्चाला मंजुरी मिळाली. आज ९९ टक्क्यांहून अधिक वाट संरक्षित जमिनीवर आहे, ती या चिकाटीमुळे. निवारा उचलून आणता येतो. समितीपुढची साक्ष आणि खासदारांच्या दारी घातलेले हेलपाटे कपाटात मांडता येत नाहीत, ही अशा कोणत्याही संग्रहालयाची मर्यादा आहे. म्हणून जाण्यापूर्वी या कायद्याविषयी थोडे वाचून जावे, नाहीतर ती नावे नुसती नावेच राहतात.

या बाबतीत याच वाटेवरच्या, वेस्ट व्हर्जिनियातील हार्पर्स फेरी या गावाने बाजी मारली आहे, असे माझे मत आहे. तिथे पोटोमॅक नदी ओलांडणाऱ्या पादचारी पुलाला मेरीलँडचे प्रतिनिधी गुडलो बायरन यांचे नाव आहे. १९७८ च्या दुरुस्तीसाठी झटलेल्या या माणसाच्या नावावरून प्रत्येक पदयात्रीला जावेच लागते.

संग्रहालयात प्रवेश विनामूल्य असून कारभार मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांना मुलांसह एका दिवसात जाऊन येणे शक्य आहे. मात्र हिवाळ्यात ते बंद असते, त्यामुळे वेळापत्रक पाहूनच निघावे आणि देणगीपेटीत काही तरी अवश्य टाकावे.