3 किलोवॅट ऑन-ग्रिड सोलर: तिन्ही ऋतू वापरल्यानंतर सबसिडी, नेट मीटर आणि बिलाचा हिशोब

सिस्टिम अशी: 540 वॅटची 6 डीसीआर (देशात बनलेल्या सेलची) पॅनेल, 3 किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर, महावितरणचं घरगुती कनेक्शन, बॅटरी नाही. बसवली केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेतून. पॅनेल आणि इन्व्हर्टर मुकाट्याने काम करतात, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खरी मेख कागदपत्रांत आणि बिलात आहे, म्हणून भर त्यावरच.

आधी सबसिडी. पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. पुढे 5 बसवा नाहीतर 10, रक्कम तेवढीच. बॅटरीसाठी वेगळे पैसे नाहीत. ‘300 युनिट मोफत’ या घोषणेचा अर्थही समजून घ्यावा: सरकार युनिट देत नाही. 3 किलोवॅटमधून महिन्याला साधारण तेवढे युनिट तयार होतात, इतकंच.

बऱ्याच जणांना माहीत नसलेली अट म्हणजे सबसिडीसाठी पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यातली जी कमी असेल ती धरतात. 540 ची 5 पॅनेल म्हणजे 2.7 किलोवॅट. इन्व्हर्टर 3 चा असला तरी हातात येणार 72,600. सहावं पॅनेल लावलं की पूर्ण 78,000. कोटेशनमध्ये नुसतं ‘3 किलोवॅट सिस्टिम’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. पॅनेलची संख्या, वॅट आणि इन्व्हर्टरचं मॉडेल लिहून घ्या. पॅनेल डीसीआर म्हणजे देशात बनलेल्या सेलचीच हवीत. नॉन-डीसीआर स्वस्त पडतात, पण मग सबसिडी विसरा. पॅनेल छतावर चढवण्याआधीच मागच्या स्टिकरवरच्या सिरीयल नंबरचे फोटो काढून ठेवा. नंतर खाली वाकून ते वाचता येत नाहीत.

सबसिडी आपल्या खात्यात येते, वेंडरच्या नाही. त्यामुळे ‘सबसिडी वजा जाता’ असा भाव सांगणाऱ्याकडून आधी पूर्ण किंमत काढून घ्यावी. सोलरच्या सामानावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. जुन्या फॉरमॅटमधलं कोटेशन आलं तर कराची ओळ नीट बघा. किमतीचे शेवटचे 10 टक्के नेट मीटर (ग्रिडमधून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारा मीटर) चालू होईपर्यंत हातात ठेवलेले बरे.

योजनेच्या पोर्टलवरचा क्रम सरळ आहे: ग्राहक क्रमांकाने नोंदणी, अर्ज, वेंडरची निवड, बसवणी, फोटो आणि तपशील अपलोड, नेट मीटर, तपासणी, कमिशनिंग रिपोर्ट, आणि शेवटी बँक तपशील. 10 किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी 2024 पासून लागत नाही. गाडी अडते ती नावावर. मीटर अजून आजोबांच्या नावावर, अर्ज नातवाचा, पासबुकावर आडनाव आणि नाव उलटसुलट. बिलावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळायला हवं, तेव्हा सोलरच्या आधी मीटरवरचं नाव बदलून घ्या. बिलावरचा मंजूर भारही तपासा. तो 1 किलोवॅट असेल आणि सिस्टिम 3 ची असेल तर भारवाढ लागते, पण 10 किलोवॅटपर्यंत ती वीज कंपनीनेच करायची असते.

महिन्याला 100 युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी राज्याची ‘स्मार्ट’ ही वेगळी योजना आहे. 1 किलोवॅटवर केंद्राच्या 30,000 शिवाय राज्याकडून दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला 17,500, अनुसूचित जाती-जमातींना 15,000, इतरांना 10,000 मिळतात. सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 आहेत.

आता बिल. 3 किलोवॅट सगळ्यांनाच लागतं का? महिन्याला 300 युनिट वापरणारं घर घ्या. 2024-25 च्या दराने पहिल्या 100 युनिटला वहन आकारासह 5.88 रुपये, 101 ते 300 ला 11.46, वर 16 टक्के वीज शुल्क. किलोवॅटला महिन्याकाठी 100 युनिट असा हात राखून हिशोब केला, तर पहिले दोन किलोवॅट महागडे 200 युनिट खातात. प्रत्येकी महिन्याला 1,300 च्या आसपास वाचतात. तिसरा किलोवॅट उरलेले स्वस्त 100 युनिट खातो आणि जेमतेम 680 वाचवतो. किंमत किलोवॅटला 60,000 धरली आणि त्यातून सबसिडी वजा केली तर पहिल्या दोघांचे पैसे दोन वर्षांत सुटतात, तिसऱ्याला पाच लागतात. एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर तिसरा घ्यावा. नुसती सबसिडी पूर्ण घ्यायची म्हणून घेऊ नये.

बिल शून्य होत नाही. स्थिर आकार आणि त्यावरचं वीज शुल्क राहतंच.

जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण फक्त 31 मार्चपर्यंत. त्या दिवशी शिल्लक युनिटचा हिशोब नाममात्र दराने मिटवला जातो आणि 1 एप्रिलला पाटी कोरी. वीज चांगली तयार होते फेब्रुवारी-मार्चमध्ये, एसी लागतो एप्रिल-मेमध्ये, आणि कात्री बरोबर मधे. त्यामुळे सिस्टिमचा आकार उन्हाळ्याच्या बिलावर ठरवणं चुकीचं, वर्षभराच्या युनिटची सरासरी काढावी.

नेट मीटर वाचायला शिका. डिस्प्लेवर 1.8.0 म्हणजे ग्रिडमधून घेतलेले युनिट, 2.8.0 म्हणजे दिलेले. दर महिन्याला रीडिंगच्या तारखेला दोन्हीचे फोटो काढा आणि बिलाशी ताडून पहा. पहिल्या बिलात एक्स्पोर्ट शून्य दिसत असेल तर हेच फोटो तक्रारीला जोडता येतात. जनरेशन मीटरचा (एकूण तयार झालेली वीज मोजणाऱ्या मीटरचा) आकडा बिलातून वजा होत नाही, हा गोंधळ फार जणांचा होतो. 340 युनिट तयार झाले, एक्स्पोर्ट 210, मग 130 कुठे गेले? ते दिवसा घरातच वापरले गेले, नेट मीटरपर्यंत पोचलेच नाहीत.

पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला उत्पादन जवळजवळ निम्म्यावर येतं. तो बिघाड नव्हे. बिघाड ओळखायचा तर लख्ख उन्हात दुपारी 12 ला ॲप पाहा. सलग आलेख मधेच शून्यावर आपटत असेल तर बहुधा व्होल्टेज वाढून इन्व्हर्टर ट्रिप होतोय. दुपारी घरात वापर कमी, वीज बाहेर ढकलली जाते आणि बारीक एसी केबलवर (इन्व्हर्टरकडून मीटरकडे जाणाऱ्या) इन्व्हर्टरजवळचं व्होल्टेज चढतं. इन्व्हर्टर ते मीटर अंतर लांब असेल तर 4 ऐवजी 6 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकून घ्या. न्यूट्रल ढिला नाही ना तेही बघा. लोडशेडिंगमध्ये मात्र इन्व्हर्टर बंदच राहणार. बंद लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय मुद्दाम केलेली असते.

अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे हवेत: एक लाइटनिंग अरेस्टरचा (आकाशातली वीज पडण्यापासून संरक्षण), एक डीसी म्हणजे पॅनेलकडची बाजू आणि स्ट्रक्चर मिळून, एक एसी म्हणजे इन्व्हर्टरनंतरच्या बाजूचा. एकाच खड्ड्यात तिन्ही वायर बांधून मोकळे होणारे वेंडर भेटतात. वॉटरप्रूफिंग केलेल्या स्लॅबमध्ये अँकर ठोकू देऊ नका, काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांवर पाय घ्या.

सावली मे महिन्यात बघून फसायला होतं, कारण तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. डिसेंबरला तो दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेच्या टाकीची सावली भर दुपारीसुद्धा जवळपास टाकीच्या उंचीइतकी लांब पडते. पॅनेलचा एक कोपरा झाकला तरी बायपास डायोडमुळे त्याचा एक तृतीयांश भाग कामातून जातो. कबुतराची शिट याच हिशोबात धरा.

धुवायचं तर सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे डाग बसतात, वायपरने लगेच ओढून घ्या.

पाच वर्षांची देखभाल योजनेनुसार वेंडरवरच आहे. ‘वार्षिक मेंटेनन्स’ म्हणून वेगळे पैसे मागितले तर करारातलं ते कलम दाखवा, आणि धुणं त्यात धरलंय की नाही हे सही करण्याआधीच विचारून घ्या.