व्हिडिओत शिंग, डब्यात प्लास्टिक

म्हशीच्या शिंगाची, हाताने घडवलेली चष्म्याची फ्रेम ऑनलाइन घ्यायच्या विचारात असाल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

मी दारव्हा तालुक्यातला कापूसवाला, चष्म्यांचं वेड जुनं. जपानच्या साबाए भागात १९०५ साली चष्म्याच्या फ्रेमचा धंदा सुरू झाला तो हिवाळ्यात बर्फामुळे शेती बंद पडायची, तेव्हा शेतकऱ्यांच्या हाताला काम हवं म्हणून. हे कळल्यापासून वेड आणखीच वाढलं. अ‍ॅसिटेटच्या दोन-चार चांगल्या फ्रेम माझ्याकडे आहेत. (अ‍ॅसिटेट हे प्लास्टिक सरकीवरच्या बारीक तंतूंपासूनही, म्हणजे लिंटरपासूनही बनतं, म्हणजे आपल्या पऱ्हाटीशी त्याचं नातं आहेच.) शिंगाची मात्र नव्हती.

इन्स्टाग्रामवर एक दिसली, २८,००० रुपयांना. विक्रेता गोड बोलणारा, आणि माहितीतही पक्का. व्हिडिओ कॉलवर त्याने फ्रेम उजेडात धरली. काळपट शिंगात डाव्या काडीवर बिजागरीपासून कानापर्यंत तिरपा, मधाच्या रंगाचा पट्टा. उजव्या काडीवर तो जवळजवळ नाहीच. रंग जुळावा म्हणून दोन्ही काड्या एकाच शिंगातून काढतात, तरी रेषा तंतोतंत सारख्या येत नाहीत, हे त्यानेच सांगितलं. सगळं बरोबर होतं. फ्रेमही खरीच होती. ती माझ्याकडे आली नाही, एवढंच.

पार्सल आलं ते मखमली डबा आणि जाड कागदावरचं ‘प्रमाणपत्र’ घेऊन. आतल्या फ्रेमवर पट्टा दोन्ही काड्यांवर, एकाच जागी, एकाच वळणाचा. भिंगातून पाहिलं तर रंग वरच्या वर, कडेला येऊन संपलेला. खऱ्या शिंगात रेषा आरपार जाते. काडीच्या खालच्या कडेवर साच्याची बारीक रेघ होती. शेवटी गरम सुई काडीच्या आतल्या बाजूला टेकवली. सुई सरळ आत रुतली आणि वास आला प्लास्टिकचा. शिंग म्हणजे केस-नखांच्याच जातीचा पदार्थ, जळलं की केस जळल्याचा वास येतो. पोळ्याआधी बैलांची शिंगं साळताना निघालेला भुगा चुलीत पडल्यावर जो वास सुटतो, तो ज्याला ठाऊक आहे त्याला प्रयोगशाळा लागत नाही. बाबांनी नुसतं हुंगून सांगितलं, “हे शिंग नाही होय बाप्पा.” बायकोचं म्हणणं, इतक्या पैशात तं दोन बकऱ्या आल्या असत्या.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर, “शिंगाचे प्रकार असतात, सर.” मग, “तज्ज्ञाचं लेखी आणा.” मग ब्लॉक.

एक लक्षात घ्या: व्हिडिओ कॉल हा पुरावा नाही, रेषा हा पुरावा आहे. पैसे देण्याआधी दोन्ही काड्यांचे आतून-बाहेरून फोटो मागा, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. शिंगाच्या दोन फ्रेम कधी एकसारख्या नसतात, त्यामुळे आलेला माल फोटोशी ताडून पाहता येतो. “एकच नग आहे, लवकर सांगा” म्हणत फोटो टाळणाऱ्याला तिथेच सोडा. पार्सलचा पत्ता दिसत असतानाच व्हिडिओ सुरू करा आणि फ्रेम हातात येईपर्यंत थांबवू नका. माझ्याकडे तो आहे, म्हणून तक्रारीत दम आहे. बिजागरी टायटॅनियमची सांगितली असेल तर लोहचुंबक लावून बघा. टायटॅनियम चिकटत नाही. सुईचा प्रयोग मात्र नाइलाज झाला तरच.

याच खात्यावर ‘खऱ्या कासवाच्या कवचाची’ फ्रेमही होती. खरी असो की खोटी, तिच्या वाटेला जाऊ नका. ज्या समुद्री कासवाचं कवच त्यासाठी वापरतात, त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा आणि बँकेलाही कळवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार विक्रेता कुठलाही असो, तक्रार आपल्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी यवतमाळला केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

ते खातं आता वेगळ्या नावाने चालू आहे. फोटो तेच: डाव्या काडीवर मधाच्या रंगाचा तिरपा पट्टा, उजवीवर जवळजवळ नाही. दिसलं तर ओळखा.