नानांना चॅट्सवर्थ दाखवलं (पूर्ण दिवस हातात ठेवून जा)

गेल्या उन्हाळ्यात नाना आणि आई आमच्याकडे इंग्लंडात शेफील्डला आले होते तेव्हा एक दिवस चॅट्सवर्थ हाऊस नावाच्या जुन्या वाड्याला जाऊन आलो. आम्ही रावेरकडचे, घरची केळीची बाग, त्यामुळे बायको म्हणाली नानांना वाडे बिडे काय दाखवताय, कंटाळतील. पण माझ्या डोक्यात वेगळंच होतं.

हा वाडा कॅव्हेंडिश घराण्याचा. बेस ऑफ हार्डविक आणि तिचा नवरा विल्यम कॅव्हेंडिश यांनी 1549 मध्ये ही जागा 600 पौंडात घेतली, पुढे 1694 ला घराण्याला ड्यूक पद (तिकडची सगळ्यात वरची सरदारकी) मिळालं. गंमत म्हणजे पदवी डेव्हनशरची आणि राहतात डर्बीशरमध्ये, कुठे ते आणि कुठे हे! आत छतभर चित्रं, पुतळे, सोनेरी चौकटी, खरं सांगू तर चौथ्या खोलीनंतर माझं डोकं भरलं. पण संगीताच्या खोलीत अर्ध्या उघड्या दारातून आतल्या दारावर एक व्हायोलिन लटकलेलं दिसतं ते नीट बघा. खुंटी, सावली सगळं आहे आणि ते चक्क रंगवलेलं आहे, आई तिथून हलेचना.

आता मुद्द्याचं. सहावा ड्यूक, लग्न न केलेला माणूस, पैसा अमाप, त्याने 1826 ला जोसेफ पॅक्स्टन नावाचा विशीतला पोरगा मुख्य माळी म्हणून ठेवला. झाडं आणायला त्यांनी आपला माणूस पार कलकत्त्यापर्यंत पाठवला होता. पॅक्स्टनने मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप काचघरात वाढवलं, 1835 च्या नोव्हेंबरात ते निसवलं (म्हणजे फुललं), पुढच्या वर्षी शंभरावर केळी लागली आणि नाव दिलं मालकाचं, कॅव्हेंडिश. झाड मूळचं आशियातलं, नाव ड्यूकचं, चालायचंच. नंतर पनामा रोगाने (केळीचा मर रोग) आधी जगभर विकली जाणाऱ्या ग्रो मिशेल जातीच्या बागा बसल्या आणि जगभर विकायला हीच जात पुढे आली. आपली बसराई म्हणजे हीच बुटकी कॅव्हेंडिश, आणि आता सगळीकडे लावतात ते जी नाइन पण याच गोतावळ्यातलं.

बागेतल्या काचघरात नानांना केळीसमोर उभं केलं आणि हे सांगितलं. नाना आधी काही बोललेच नाहीत, खाली वाकून पील (बुडातून फुटणारी पिल्लं) किती ठेवलेत ते बघितलं, पानाला हात लावून बघितला, मग म्हणाले, "यांच्या नावाची केळी आपण विकतोय व्हय इतकी वर्षं?"

पॅक्स्टनचं ते अवाढव्य मोठं काचघर मात्र आज नाही. पहिल्या महायुद्धात गरम ठेवायला कोळसा मिळेना, झाडं मेली, 1920 ला सुरुंग लावून पाडलं. आता तिथे बुटक्या भिंती आणि मधे भूलभुलैया. वाडाही थोडक्यात वाचला म्हणायचा. दहाव्या ड्यूकने मालमत्ता मुलाच्या नावे केली, त्यानंतर पाच वर्षं जगला असता तर वारसा कर वाचला असता, पण 1950 च्या नोव्हेंबरात गेला, काही आठवडे कमी पडले आणि 80 टक्के कर बसला. जमिनी, चित्रं विकली, घराण्याचा दुसरा वाडा, हार्डविक हॉल, सरकारला देऊन टाकावा लागला. हे ऐकून नाना पहिल्यांदा ड्यूकवर हळहळले, सातबाऱ्याचं दुःख त्यांना बरोबर कळतं.

बाकी, तिकिटाचा आकडा घरच्या मोठ्यांना रुपयांत सांगू नका. बूट चांगले घाला, चढ आहे, आईचे गुडघे दुसऱ्या दिवशी बोलले. एम्परर कारंजं नक्की बघा, 1844 ला रशियाच्या झारसाठी बांधलं आणि तो आलाच नाही, पाणी वरच्या तळ्यातून नुसत्या उताराच्या जोराने उडतं, पंप नाही. आमच्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा नानांनी कापला, म्हणे एवढ्या मोठ्या बागेत केळी एवढीशीच?